सिंह दिसण्याची हमी: नाशिकहून गीरला गेलेल्या एका सहलीचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री, गुजरातमधल्या गीर जंगलालगत सासण गावाजवळच्या एका मुक्कामी, नाशिकहून गेलेल्या अठरा जणांना एक निर्णय घ्यायचा होता. सकाळच्या फेरीत त्यांच्या तीन जिप्सींपैकी, म्हणजे उघड्या सफारी गाड्यांपैकी, एकीलाच सिंह दिसला होता. जेवणं आटोपत असताना एक स्थानिक माणूस येऊन आयोजकाच्या शेजारी बसला. जवळच्या शेतात सिंहिणीने रेडकू मारलंय, बच्चे सोबत आहेत, अकरानंतर गाडी काढलीत तर अगदी जवळून दाखवतो, माणशी दोन हजार, असं त्याचं म्हणणं होतं. ‘हमणां ने हमणां’, म्हणजे आत्ताच्या आत्ता, पैसे नकोत, सिंह दिसल्यावर द्या, असंही तो म्हणाला.

मी त्या गटासोबत गेलो नव्हतो. निघण्याआधी गंगापूर रोडवर त्यांची बैठक झाली, तिथे मला बोलायला बोलावलं होतं, आणि परतल्यावर त्यांच्यातल्या बहुतेकांशी मी सविस्तर बोललो. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण नाशिकहून गीरला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्या रात्री जे समोर आलं ते कुठल्याही गटासमोर येऊ शकतं. त्या रात्रीची बीजं मात्र सासणला पडलेली नव्हती, ती नाशिकमध्ये पडली होती, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

गट तसा साधा होता. कॉलेज रोडच्या बाजूला राहणारी चार कुटुंबं, एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक ताई, दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार ज्यांना सगळे बापू म्हणतात, आणि मोठी लेन्स घेऊन फिरणारा एक तरुण छायाचित्रकार. आयोजकही तरुणच. छोटा व्यवसाय, स्वतः राबणारा, हिशेबाला चोख. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या जाहिरातीत वणी-सापुतारा मार्गे सुरत, हजीऱ्याहून घोघ्यापर्यंत बोटीने, मग भावनगरवरून सासण असा सगळा मार्ग दिला होता, आणि शेवटच्या ओळीत ‘जंगलात सिंहदर्शन हमखास’ असं लिहिलं होतं.

बैठकीत मी त्याला ती ओळ काढायला सांगितली. तो म्हणाला, “सर, सगळेच लिहितात. नाही लिहिलं तर लोक दुसऱ्याकडे जातात.” त्याची अडचण खोटी नव्हती. तरीही ती ओळ राहिली ती राहिलीच, आणि पुढच्या दोन दिवसांत प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी तीच होती.

गीरमध्ये हमी का देता येत नाही, हे त्या बैठकीत मी जरा विस्ताराने सांगितलं होतं. गीर अभयारण्य १९६५ मध्ये जाहीर झालं आणि त्याच्या आतल्या सुमारे २५८ चौरस किलोमीटर भागाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अभयारण्य आणि उद्यान मिळून क्षेत्र चौदाशे चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. पर्यटकांच्या वाट्याला त्यातले ठरावीक रस्ते येतात, तेही ठरलेल्या वेळी, साधारण तीन तासांसाठी. १६ जून ते १५ ऑक्टोबर हे जंगल पर्यटकांना बंद असतं. मे २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह नोंदले गेले. २०२० मध्ये हा आकडा ६७४ होता, २०१५ मध्ये ५२३. हे ऐकून बँकेतल्या काकांनी लगेच हिशेब केला की एवढे सिंह आहेत म्हणजे दिसणारच. पण त्या ८९१ पैकी ५०७ गीर अभयारण्य आणि उद्यानाच्या बाहेर आहेत. अमरेली, भावनगर, जुनागढ, गीर सोमनाथ अशा जिल्ह्यांत, शेतं, वाड्या, नदीकाठची झुडपं, किनारपट्टी इथे ते वावरतात. शिवाय सिंह दिवसाचे वीसेक तास पडूनच असतो. सागाच्या वाळक्या पानांच्या रंगाचं जनावर रस्त्यापासून तीस पावलांवर झोपलेलं असलं तरी जिप्सी सरळ पुढे निघून जाते.

आशियाई सिंहांचे कळप आफ्रिकेतल्यासारखे मोठे नसतात हेही लोकांना ठाऊक नसतं. नर बहुतेक वेळ माद्यांपासून वेगळे, दोन-तीनच्या टोळीने राहतात, आणि मीलनाच्या काळात किंवा मोठी शिकार पडली की एकत्र येतात. चित्रफितींत पाहिलेलं दहा-पंधरा सिंहांचं लेंढार समोर येईल या अपेक्षेने गेलेला माणूस एकटी सिंहीण पाहून नाराज होतो. मला याचं फार वाईट वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात जगातून जवळजवळ संपली होती. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आवर घातला म्हणून थोडीफार जनावरं उरली, आणि आज दिसणारा प्रत्येक सिंह त्या मूठभरांचा वंशज आहे. त्यातली एक सिंहीण डोळ्यांनी दिसणं ही थोडीथोडकी गोष्ट नाही.

आता शनिवारच्या सकाळकडे येतो, कारण रात्रीचा पेच तिथेच तयार झाला.

पहिल्या जिप्सीत छायाचित्रकार, ताई, आणि एक कुटुंब होतं. दुसऱ्या जिप्सीत बँकेतले काका-काकू आणि आणखी चौघं. या दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, काही मिनिटांच्या अंतराने. तिसरी दुसऱ्या रस्त्यावर. सूर्य वर आल्यावर पहिल्या जिप्सीला ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक सिंहीण दिसली, सोबत काही महिन्यांचे दोन बच्चे. आणखी दोन-तीन गाड्या आधीच उभ्या होत्या. वनखात्याचा ट्रॅकर काठी घेऊन थोड्या अंतरावर उभा होता. गीरमध्ये हे पाहून बाहेरचा माणूस चकित होतो, पण ट्रॅकर रोज पायी सिंहांच्या मागावर असतात आणि सिंह त्यांना ओळखून असतात. गाइडने इंजिन बंद करायला लावलं आणि सगळ्यांना खाली बसायला सांगितलं.

सिंहीण पाठमोरी पडली होती. छायाचित्रकाराला चेहरा हवा होता. त्याने आधी जीभ टाळूला लावून टकटक आवाज काढला. गाइडने हात वर करून थांबवलं. मग त्याने जिप्सीच्या पत्र्यावर हाताने दोनदा जोरात थाप मारली.

ताईंनी मला पुढचं बारकाईने सांगितलं, कारण त्या फोटो काढत नव्हत्या, पाहत होत्या. आधी शेपटीचं टोक जमिनीवर आपटलं. मग कान मागे, डोक्याला चिकटून. मान वळली, नजर थेट गाडीवर, आणि घशातून अगदी खालच्या पट्टीतली गुरगुर. ट्रॅकरने काठी जमिनीवर टेकवून काहीतरी हलक्या आवाजात म्हटलं. सिंहीण उठली, बच्च्यांकडे पाहून एक बारीक हुंकार दिला आणि तिघंही करवंदीच्या जाळीत शिरली. हल्ला करण्याच्या आधीची ही चिन्हं आहेत. ती निघून गेली याचं श्रेय तिच्या स्वभावाला आणि त्या ट्रॅकरच्या शांतपणाला आहे. बच्चेवाली मादी सगळ्यात कमी सहन करते, आणि ते योग्यच आहे. पिल्लं जन्मल्यावर सहा-आठ आठवडे ती त्यांना कळपापासून दूर लपवून ठेवते. पुढेही दुसऱ्या नरांपासून त्यांना जपावं लागतं. दिवसा सावलीत, पाण्याजवळ पडून राहण्याची जागा तिने निवडलेली असते. तिथून तिला उठवणं म्हणजे पिल्लांना उन्हात, अनोळखी जागी चालवत नेणं.

दुसरी जिप्सी त्यानंतर तीन-चार मिनिटांनी पोचली. काका-काकूंना हलणारी पानं दिसली.

म्हणजे ज्या सहा जणांनी रात्री सगळ्यात जोरात “पैसे भरलेत, सिंह दिसला नाही” असं म्हटलं, त्यांचा सिंह त्यांच्याच गटातल्या माणसाने घालवला होता. ही गोष्ट त्यांना त्या रात्री ठाऊक नव्हती. ताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितली. शनिवारीच सांगितली असती तर भांडण झालं असतं, पण बोलण्याचा रोख नक्कीच बदलला असता.

फोटो मात्र आला. कान मागे, डोळे रोखलेले. समाजमाध्यमांवर अशा फोटोंना ‘रुबाबदार’ म्हणून दाद मिळते. सिंहाचं शरीर वाचता येणाऱ्याला त्यात चिडलेली आई दिसते. नाशिकमध्ये वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धा भरतात, प्रदर्शनं भरतात. परीक्षकांनी एवढं एक जरी पाहिलं, की जनावर आपल्या कामात आहे की कॅमेऱ्यावर चिडलंय, तरी पत्र्यावर पडणाऱ्या बऱ्याच थापा कमी होतील असं मला मनापासून वाटतं.

रात्रीचा प्रस्ताव आला तेव्हा आयोजक सुटल्यासारखा झाला. हमी त्याने दिली होती आणि ती पुरी करण्याचा रस्ता कोणीतरी ताटात आणून ठेवला होता. त्याने विरोध केला नाही. त्याने मत घ्यायचं ठरवलं. सुरुवातीला अकरा जण तयार होते.

अशा रात्रीच्या प्रकाराला तिकडे ‘लायन शो’ म्हणतात. कधी खरोखरच सिंहाने मारलेलं जनावर असतं, कधी ते बांधून ठेवलेलं असतं. २०१८ मध्ये सिंहिणीला कोंबडी दाखवून जवळ बोलावणाऱ्या माणसाचा व्हिडिओ देशभर फिरला होता आणि त्यावर गुन्हा दाखल झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत जनावराला हुसकावणं आणि आमिष दाखवणं हेही येतं. सिंह पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि अशा प्राण्याच्या बाबतीतल्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे. मदत करणारा, चिथावणी देणाराही त्यात सापडतो. पैसे देऊन पाहायला जाणारा स्वतःला प्रेक्षक समजतो. कायदा तसं समजेलच असं नाही.

पण कायद्यापेक्षा मला गीरचा इतिहास जास्त बोलका वाटतो, आणि तो फार कमी जणांना माहीत आहे. एके काळी आमिष बांधून सिंह दाखवणं हा गीरमध्ये अधिकृत कार्यक्रम होता. रेडकू किंवा बकरी बांधायची, सिंह यायचे, पर्यटक पाहायचे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते बंद झालं. त्याच सुमारास, १९८७-८८ मध्ये, मोठा दुष्काळ पडला. १९७८ ते १९९१ या काळात सिंहांनी माणसांवर केलेल्या १९३ हल्ल्यांचा अभ्यास झाला, ज्यांत २८ माणसं गेली. दुष्काळानंतर या हल्ल्यांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलेलं दिसलं आणि त्यांतले बहुतेक अभयारण्याच्या बाहेर झाले होते. कारणांचा शोध घेताना अभ्यासकांनी दुष्काळाबरोबर या आमिषाचाही विचार केला. माणूस दिसला की खायला मिळतं, हे सिंहाला शिकवलं गेलं आणि मग खाणं एकाएकी थांबलं. त्याची किंमत पर्यटकांनी मोजली नाही, गावकऱ्यांनी मोजली.

दुसरा धोका रोगाचा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत २३ सिंह मेले. तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर हा मुख्यतः कुत्र्यांत आढळणारा विषाणू सापडला आणि गोचिडीमुळे पसरणारा बॅबेसियाही. परदेशातून लस मागवावी लागली. गावाच्या कडेला मांस टाकून सिंह जमवले, की त्याच मांसावर गावातली कुत्रीही येतात. जगातले सगळे रानटी आशियाई सिंह एकाच टापूत असताना हा धोका किती मोठा आहे हे सांगायला नको. त्यातले काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला, त्यामागेही सगळी अंडी एका टोपलीत नकोत हाच विचार होता. सिंह अजून कुनोला पोचलेले नाहीत.

यातलं बरंचसं मी बैठकीत सांगितलं होतं, पण त्या रात्री अकरा जणांचं मत त्यामुळे बदललं असं नाही. ज्यामुळे बदललं ते वेगळंच होतं, आणि गट सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात घ्यावं असं आहे.

आधी बोलले बापू. दिंडोरीकडे उसात, द्राक्षांच्या बागांच्या कडेला बिबट्या रोजचा आहे. बापूंच्या शेतात दोन वर्षांमागे बिबट्याची मादी पिल्लांसह राहिली होती. ते म्हणाले, “माझ्या वावरात बिबट्या आला तवा तीन गावची पोरं मोबाइल घेऊन आली. बॅटऱ्या मारल्या, फटाके फोडले. मादी बिथरली आन् दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या गड्यावर धावली. ती पोरं कुठं होती मग? आज आपण त्या पोरांसारखं कुणाच्या तरी वावरात जायचं म्हणतोय.” सगळे गप्प झाले. नाशिककरांना यात काही समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा जमलेली गर्दी शहराने पाहिली आहे, आणि त्या गोंधळात जखमी झालेल्यांत बातमी टिपायला गेलेलेही होते. घराजवळचा बिबट्या आणि सौराष्ट्रातला सिंह यांच्यातलं नातं बापूंनी जोडून दिलं. इतक्या थेटपणे ते जोडणं मला बैठकीत सुचलं नव्हतं.

मग बोलला टेम्पो ट्रॅव्हलरचा चालक, पंचवटीतला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, “दादा, तुम्ही जा हवं तर. गाडी मी देणार नाही. गाडी जप्त झाली तर शेठला काय सांगू?” त्याची भीती खरी होती. वन्यजीव गुन्ह्यात वापरलेलं वाहन जप्त होतं आणि सहजी परत मिळत नाही.

काकांनी तरीही त्या माणसाच्या जीपमधून जायची तयारी दाखवली. तेव्हा काकू म्हणाल्या, “मला नाही पाहायचा असा,” आणि खोलीत निघून गेल्या. अकराचे चार झाले, चारांसाठी तो माणूस जीप काढेना, आणि विषय संपला.

माझ्या मते इथे गटाने जे केलं त्यात एक मोठी उणीव राहिली. त्या माणसाला नाही म्हणून परत पाठवलं, पण वनखात्याला कळवलं नाही. आयोजकाला मुक्कामाच्या मालकाची भीड पडली. तो माणूस रात्री बेरात्री त्याच दारातून पाहुण्यांपर्यंत पोचत असेल तर मालकाला त्याची माहिती असणारच, असं त्याला वाटलं. ताईंनी रविवारी सकाळी गाइडला सांगितलं तेव्हा गाइड चिडला, म्हणाला, रात्रीच का नाही सांगितलंत? बच्चेवाली सिंहीण खरोखर त्या शेतात होती का, आणि दुसरा कुठला गट तिथे नेला गेला का, हे आता कळायला मार्ग नाही. नकार देणं आणि कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं केल्याशिवाय त्या शेतातल्या जनावराच्या वाट्याला काहीच येत नाही.

रविवारी दुसरी फेरी झाली. पत्र्यावर थाप मारणाऱ्याला ताईंनी आपल्या शेजारी, मधल्या जागी बसवलं. तिसऱ्या जिप्सीला, जिला शनिवारी काहीच दिसलं नव्हतं, दोन नर दिसले. वडाच्या सावलीत, पाय वर करून झोपलेले. अर्धा तास ते हलले नाहीत, गाडीतलंही कोणी हललं नाही. मोरांची ओरड चालू होती, बाजूला मालधाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या पशुपालकांच्या, म्हशी पाण्याकडे निघाल्या होत्या. बापू त्या जिप्सीत होते. त्यांना सिंहांइतकंच त्या म्हशी हाकणाऱ्या पोराचं कौतुक वाटलं. काका-काकूंच्या जिप्सीला पुन्हा काही दिसलं नाही, सांबर आणि एक मुंगूस सोडून.

दुपारी ते देवळियाला गेले. तिथे कुंपण घातलेल्या सुमारे चार चौरस किलोमीटरच्या जंगलात बसमधून सिंह पाहता येतात. काकांनी “हे प्राणिसंग्रहालयच की” म्हणून नाक मुरडलं. मी याच्याशी सहमत नाही. लहान मुलं सोबत असतील, गुडघे दुखत असतील, किंवा सिंह पाहिल्याशिवाय परत जायचंच नसेल, तर देवळियाला जाणं हा प्रामाणिक मार्ग आहे. तिथे कोणी तुम्हाला फसवत नाही, आणि जंगलातल्या सिंहावर तुमच्या हट्टाचा भार पडत नाही. आयोजकाने हा पर्याय नाशिकमध्येच मांडला असता तर शनिवारची रात्र उगवलीच नसती.

परतल्यावर पैशांचा वाद झाला. सहा जणांनी जाहिरातीतली ओळ दाखवून पैसे परत मागितले. माझं मत मी आयोजकाला सांगितलं: सिंह दिसला नाही म्हणून काही परत देण्याचा प्रश्न नाही, पण हमी लिहिली होती म्हणून द्यायला हवं. या प्रकरणात छायाचित्रकाराचा दोष उघड आहे, त्या स्थानिक माणसाचा तर आहेच, पण दोघांनाही जागा करून दिली ती त्या ओळीने. हमी दिल्यावर गटातला प्रत्येक जण सिंहाकडे वसुली करायला जातो. जिप्सीचालकावर “थोडी पुढे घे ना” म्हणून दबाव येतो, बक्षिसाची लालूच दाखवली जाते, आणि नियम मोडल्यावर परवाना मात्र त्या चालकाचा जातो. म्हणून दोष वाटून देताना चालकाला मी सगळ्यात शेवटी धरतो.

आयोजकाने थोडी रक्कम परत केली. काकांना ती कमी वाटली आणि ते अजून नाराज आहेत. छायाचित्रकाराने तो फोटो स्पर्धेला पाठवला होता, ताईंशी बोलणं झाल्यावर मागे घेतला.

फेब्रुवारीच्या सहलीसाठी आयोजकाने मला मजकूर दाखवायला आणला. त्यात आता लिहिलंय की जंगलातल्या दोन फेऱ्या ठरलेल्या आहेत, सिंह दिसेल किंवा दिसणार नाही, ज्यांना नक्की पाहायचा आहे त्यांनी देवळियाची बस घ्यावी, रात्री कुठेही गाडी निघणार नाही, आणि गाइडने एकदा सांगूनही जनावराला आवाज देणाऱ्याला पुढच्या फेरीला नेलं जाणार नाही. मी त्यात एकच भर घातली: रात्री कोणी सिंह दाखवायला आला तर त्याच रात्री वनखात्याला कळवायचं, आणि ते काम आयोजकाचं. त्याने ते मान्य केलं. नावं आत्तापर्यंत बाराच आली आहेत, म्हणून परवाने दोनच जिप्सींचे काढले आहेत.